बेळगावात राहून संगीत नाटकाचा संगीतकार आणि गायक नट होता येईल का?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. गायनात विशारद झालंय, पेटी बऱ्यापैकी वाजते, गावच्या यात्रेतल्या नाटकात गायक नट म्हणून उभं राहून झालंय. आता नाटकांना चाली लावायच्या आहेत आणि स्वतः गायचंही आहे. पुण्या-मुंबईला न जाता यावर पोट भरेल का, काय शिकायला हवं, आणि चाल बांधायची सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलंय.

निव्वळ मराठी संगीत नाटकावर पोट भरणार नाही. पेटी मास्तर व्हायची तयारी असेल आणि मराठीबरोबर कन्नड नाटकाचंही काम घेणार असाल, तर भरेल. आपल्या भागात पेटी मास्तर म्हणजे नुसता साथीदार नव्हे. नाटक ठरल्यावर गावात येऊन राहणारा, ज्यांनी आयुष्यात सूर लावलेला नाही अशा पोरांकडून पदं बसवून घेणारा, गरज पडेल तिथे नवी चाल बांधणारा आणि प्रयोगाच्या रात्री पेटीवर बसून अख्खं नाटक ओढून नेणारा माणूस. पुण्यात ज्याला संगीतकार म्हणतात त्याचं काम चाल देऊन संपतं. इथे चाल दिल्यावर काम सुरू होतं. हे कमीपणाचं वाटत असेल तर या वाटेला येऊ नये. चाल अंगात मुरते ती याच कामात.

काम मिळतं कुठे ते आधी बघू. बेळगावहून कोल्हापूर, हुबळी-धारवाड आणि गोवा, तिन्हीकडे साधारण अडीच-तीन तासांत पोहोचता येतं. संगीत नाटकवाल्यासाठी यापेक्षा सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. खानापूर-बेळगाव तालुक्यांतल्या मराठी गावांत यात्रेला नाटक असतं. गोव्यात देवळांच्या उत्सवांत हौशी मंडळींची संगीत नाटकं आजही होतात आणि त्यांना ऑर्गन-तबल्याची साथ लागते. महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा आणि वेगळी संगीत नाट्य स्पर्धा असते. तिथल्या संघांना संगीतकार हवा असतो. उरलेलं, आणि पैशाच्या हिशेबाने मोठं, काम कन्नड बाजूला आहे. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, बागलकोट पट्ट्यात यात्रेची सामाजिक नाटकं होतात आणि तिथे हार्मोनियम मास्तर नसेल तर नाटक उभंच राहत नाही. बदामीजवळच्या बनशंकरी यात्रेत तर कंपन्या तंबू ठोकून मुक्कामच करतात. एकदा जाऊन दोन रात्री वेगवेगळ्या कंपन्यांची नाटकं बघा. लोक गाण्याला कुठे मान डोलावतात आणि कुठे शेंगा सोलायला लागतात, ते वहीत लिहून आणा.

दोन भाषांवर चालणं ही काही नवी तडजोड नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा कीर्तनाच्या, लावणीच्या चालींबरोबर कर्नाटकी चालीही त्यांच्या कानात होत्या. त्याआधी १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यामागेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ नाटक कंपनी काढली ती १९०८ साली हुबळीत. कुमार गंधर्व सुळेभावीचे आणि घरची भाषा कन्नड. नाट्यसंगीत मात्र त्यांनी बालगंधर्वांचं अभ्यासलं. उलट बाजूला एणगी बाळप्पांसारखा सौंदत्ती तालुक्यातला नट कन्नड कंपनी नाटक गाजवून गेला. तेव्हा कन्नड वाचायला शिका. बोलता येतं म्हणून भागत नाही. पदाच्या ओळीखाली स्वरलिपी लिहायची तर लिपी यावीच लागते. कुलगोड तम्मण्णांच्या परंपरेचा ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा कन्नड लोकनाट्याचा खेळ रात्रभर बसून ऐका. नटाने ओळ म्हटली की मागचे साथीदार ती उचलून पुन्हा म्हणतात, आणि तेवढ्यात नट नाचून, श्वास घेऊन पुढच्या ओळीला तयार होतो. कच्च्या गळ्याच्या नटासाठी याहून चांगली युक्ती नाही. मराठी नाटकातही ती बिनदिक्कत वापरता येते.

आता शिकण्याचं. विशारदने राग, ताल आणि मैफलीचा विचार दिला. नाटकाला लागतं ते त्यात फारसं येत नाही: शब्द, श्वास, आणि पंधरा सेकंदांत भाव बदलणं. नाट्यशिक्षण पद्धतशीर हवं असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत-नाट्यशास्त्र विभाग, पणजीला कला अकादमीचं नाट्य विद्यालय, धारवाडला रंगायण, थोडं लांब शिवमोग्याकडे हेग्गोडूला नीनासम या नाट्यसंस्थेचा वर्षभराचा अभ्यासक्रम असे मार्ग आहेत. मी पसंती नीनासमला देईन, कारण तिथे रोज रंगमंचावर घाम गाळावा लागतो आणि कन्नडही पक्की होते. आकाशवाणीची ऑडिशन देऊन ठेवा, श्रेणी मिळाली की साथीचं काम मागताना उपयोगी पडते. तबला किमान इतका शिका की केरवा, दादरा, रूपक, झपताल, त्रिताल आणि धुमाळी स्वतः वाजवून दाखवता येतील. गावातला तबलजी बहुधा भजनी मंडळाचा असतो. त्याला तोंडी सांगून ठेका कळत नाही, वाजवून दाखवला की लगेच उचलतो.

चाल बांधणं. यात नव्या माणसाची सर्वांत मोठी चूक एकच: तो चाल स्वतःच्या गळ्यात बांधतो. विशारद झालेला गळा तार पंचमापर्यंत सहज जातो, चाल सुरेख होते, आणि मग ती ज्या शिक्षकाला किंवा दूध डेअरीतल्या पोराला गायची आहे त्याचा गळा अंतऱ्याच्या पहिल्या ओळीला फाटतो. शिंपी आधी माप घेतो तसं आधी माप घ्या. नाटकाचं पहिलं वाचन झालं की गाणाऱ्या प्रत्येक नटाला एकट्याला बसवा. आधी त्याला एक चिडलेला संवाद मोठ्याने म्हणायला लावा आणि बोलण्याचा सूर पेटीवर शोधा. मग ‘आ’कारात खाली उतरवा. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येईल असा सगळ्यात खालचा स्वर लिहा. वर चढवा, तीनदा लागोपाठ चार-चार सेकंद न थरथरता टिकेल तो वरचा स्वर लिहा. नंतर अंगणाला एक फेरी धावत मारायला सांगा आणि लगेच तोच वरचा स्वर मागा. बहुतेकांचा स्वर एक-दोन घरांनी खाली येतो. खरा वरचा स्वर हा धावल्यानंतरचा. चाल त्याच्याही एक स्वर खाली थांबली पाहिजे, कारण चाळीस दिवस तालमी करून, रात्री जागून, प्रयोगाच्या दिवशी गळा जड झालेला असतो. ही मापं एका कागदावर नावासमोर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

साधारणपणे षड्ज म्हणून पुरुषांना पेटीची काळी एक-दोन पट्टी आणि बायकांना काळी चार-पाच मानवते. एकेरी पदांत हे सोपं, अडचण द्वंद्वगीतात येते. नायक काळी एकला आणि नायिका काळी चारला असेल तर त्याचा पंचम हाच तिचा षड्ज. पद एकाच षड्जावर, काळी एकला ठेवायचं ठरलं तर त्याच्या मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंतच्या ओळी त्याला द्या, मध्य पंचमापासून वरच्या तिला, आणि दोघांनी मिळून म्हणायची ओळ मध्य पंचम ते तार षड्ज या सामाईक पट्ट्यात ठेवा. तिथे दोघांचे गळे एकाच उंचीवर येतात आणि एकाला सप्तक बदलावं लागत नाही. दुसरा मार्ग मूर्च्छनेचा, म्हणजे स्वर तेच ठेवून षड्ज बदलायचा. नायक यमनात गातोय, त्याचा पंचम नायिकेने षड्ज धरला की स्वर तेच राहून बिलावलचा मेळ होतो. बिलावलचा पंचम षड्ज केला की खमाजचा. प्रेक्षकाला नुसतं एवढंच वाटतं की ती आली आणि हवा बदलली. पण पेटीवाल्याला हे आधी समजावून द्या, नाहीतर तो ‘सूर चुकला’ म्हणून डोळे मोठे करील आणि नायिका घाबरेल.

तबल्याचा विचार चाल बांधतानाच करायचा. काळी एकच्या डग्गा-तबल्यात तबल्याचं तोंड सव्वापाच-साडेपाच इंची लागतं, काळी चार-पाचला सहा-सव्वासहा इंची. गावात बहुधा एकच तबला असतो. तो काळी एकला लावून नायिका काळी चारला गायली तर तबला तिच्या मध्यमात बोलतो. बागेश्री, मालकंस, खमाज असेल तर चालून जातं. भूप किंवा यमन असेल तर मध्यम कानाला टोचत राहतो आणि बाईचा सूर हलतो, ती बिचारी का बेसूर होतेय ते कुणालाच कळत नाही. एकतर दुसरा तबला भाड्याने आणा किंवा त्या पदाचा राग बदला. खर्च गावकऱ्यांना आधी सांगा.

आता एक ओळ घेऊन बघू, नमुन्यासाठी रचलेली:

उंबरठ्यावर उभी मी, दिवा विझला दारी

केरवा आठ मात्रांचा. ‘उंबरठ्यावर’ आठ मात्रा, एक आवर्तन पुरं. ‘उभी मी’ पाच, ‘दिवा’ तीन, दुसरं आवर्तन पुरं. ‘विझला दारी’ आठ, तिसरं. कागदावर हिशेब चोख आहे आणि खड्डाही नेमका तिथेच आहे. नवा माणूस आवर्तन संपेल तिथे श्वास देतो, आणि नटी गाते ‘उभी मी दिवा’, मग श्वास, मग ‘विझला दारी’. अर्थ झाला की ती स्वतःच दिवा आहे. मागच्या रांगेतला माणूस इथे हसतो. उपाय असा: ‘मी’ दोन मात्रांची आहे, ती एकच मात्रा गायची, दुसऱ्या मात्रेत श्वास चोरायचा, ‘दिवा’ समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, ढकलत न्यायचा आणि मध्ये न तोडता ‘विझला’च्या ‘वि’वर सम घ्यायची. सम मिळाली ती बातमी सांगणाऱ्या शब्दावर. पण ‘वि’ आणि ‘झ’ दोन्ही ऱ्हस्व, त्यांच्यावर थांबायचं नाही. समेला नुसता स्पर्श करून ‘ला’वर स्वर धरायचा. आलाप घ्यायचा तर ‘दारी’च्या ‘री’वर, म्हणजे पूर्ण वाक्य प्रेक्षकाच्या कानात पडल्यावर. पहिल्या फेरीत तान अजिबात नको. अर्थ पोहोचला की दुसऱ्या फेरीला गळ्याचं काम दाखवायला हरकत नाही.

प्रत्येक पदाच्या प्रत्येक ओळीचं असं करायचं: मात्रा मोजायच्या, वाक्य कुठे तुटतं ते बघायचं, समेला कोणता शब्द यावा ते ठरवायचं, आणि मग राग. राग आधी ठरवून शब्द त्यात कोंबणाऱ्यांची पदं मैफलीत बरी वाटतात, नाटकात नाहीत.

कच्च्या गळ्यासाठी भूप, दुर्गा, खमाज, काफी, पिलू, भैरवी एवढ्यांत फिरा. तोडी, मारवा, पूरिया यांच्या वाटेला जाऊ नका. कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम जवळ आले की न शिकलेला गळा हमखास घसरतो. पद षड्जावरून किंवा पंचमावरून सुरू होऊ द्या, सुरुवातीलाच तार षड्जाची उडी नको. ज्याला ताल धरताच येत नाही अशा नटाला पद देऊच नका, दिंडी किंवा साकी या जुन्या छंदांतलं काही द्या. दिंडीची ओळ १९ मात्रांची, नऊ आणि दहाच्या तुकड्यांत. साकीची २८, सोळा आणि बारा. दोन्ही बोलल्यासारख्या म्हणता येतात, ठेका सैल ठेवला तरी निभतं, आणि कथानक भराभर पुढे सरकतं. किर्लोस्करांच्या नाटकांत त्या एवढ्या आहेत त्यामागे ही सोयही आहे. आजचे संगीतकार त्यांना जुनाट म्हणून टाळतात आणि मग त्याच नटाला सात मिनिटांचं पद देऊन रडवतात.

पदं किती? ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती, रात्रभर वेळ होता. जितेंद्र अभिषेकींनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून पदं आटोपशीर केली आणि तीच वाट पुढे रूढ झाली. आता अडीच-तीन तासांच्या प्रयोगात बारा ते पंधरा पदं पुरे, एकेक साडेतीन ते पाच मिनिटांचं. आपल्याकडे यात कायद्याचाही भाग आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. गावचं नाटक जेवणं आटोपून साडेनऊला सुरू होतं. म्हणून पंचांना आधीच विचारा की परवानगी किती वाजेपर्यंतची आहे, आणि ऐनवेळी गाळता येतील अशी तीन पदं तालमीतच ठरवून ठेवा. ती पदं गाणाऱ्यांनाही सांगून ठेवा. विंगेत उभ्या माणसाला ‘तुझं पद कापलं’ हे त्याच रात्री कळलं तर भांडण ठरलेलं.

तालमीचा क्रम. चाळीस दिवस मिळतात असं धरू. पहिल्या आठवड्यात सूर नाहीच: पद टाळी देऊन नुसतं तालात बोलायचं, सगळ्यांनी मिळून. यात निम्मी चुकीची ऱ्हस्व-दीर्घं सुधारतात. दुसऱ्या आठवड्यात पेटीवर पूर्ण चाल वाजवत गाऊन घ्या. तिसऱ्या आठवड्यापासून पेटीची चाल काढून घ्यायची, नुसता षड्ज-पंचम धरायचा आणि अडेल तिथे एखादा स्वर द्यायचा. ही पायरी गाळणारे मास्तर पुष्कळ. शेवटपर्यंत पेटी बोट धरून चालवते, आणि प्रयोगाला स्पीकरच्या कोलाहलात पेटी ऐकू येईनाशी झाली की नट अर्ध्या स्वराने खाली सरकत जातो. चौथ्या आठवड्यात तबला आणि हालचाल एकत्र. दिग्दर्शकाला स्पष्ट सांगा की पदाच्या आधीच्या तीन वाक्यांत नटाला पळवू नको, जिना चढवू नको. लय मोबाईलच्या मेट्रोनोमवर मोजून पदाच्या माथ्यावर आकड्यात लिहा. तालमीत ९२ ला बसलेला केरवा प्रयोगाच्या रात्री शंभराच्या वर पळतो, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला दोष देतो. आकडा लिहिलेला असला की तबलजीकडे बघून बोट खाली करता येतं.

संवादातून पदात जाणं हे मुद्दाम घोटून घ्यावं लागतं. नटाच्या शेवटच्या वाक्याच्या मध्यावर ऑर्गनने हळूच षड्ज सोडायचा, वाक्य संपल्यावर नव्हे. नटाचं शेवटचं अक्षर षड्जावर किंवा पंचमावर उतरेल असं वाक्य म्हणून घ्यायचं. मग पहिला स्वर शोधावा लागत नाही. नाहीतर वाक्य, शांतता, पेटीचा ‘सा’, घसा खाकरणं, आणि मग पद, असा जो रेल्वेचा सांधा बदलतो तो संगीत नाटकाला मारतो.

वन्समोअरचीही तयारी लागते. दुसऱ्यांदा अख्खं पद नको, मुखडा आणि एकच अंतरा, त्यात एखादी जागा नवी. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाणाऱ्या संघाला हे जमत नाही. ट्रॅक स्वस्त पडतो म्हणून गावं तो मागतात, पण नट एक ओळ विसरला की ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. पेटी थांबते. हे कारण सांगितलं की बहुतेक पंच ऐकतात.

प्रयोगाच्या दिवशी काय बिघडतं ते थोडक्यात. कीबोर्डवाला असेल तर ट्रान्सपोझचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण हा पहिला शत्रू: नायिकेच्या पदानंतर तो ते परत शून्यावर आणायला विसरतो आणि नायकाचं पद चार घरं वर सुरू होतं. प्रत्येक पदाचा आकडा मोठ्या अक्षरात लिहून समोर लावा. मुकुट आणि टोप कान झाकतात. कानावरचा भाग आतून कापून पोकळ करा, रंगीत तालीम मुकुट घालूनच करा. मिशीचा गोंद वरचा ओठ आखडतो, मग ‘प-फ-ब’ फुटतात, म्हणून मिशी तासभर आधी लावून बोलत राहायला सांगा. साथीदार प्रेक्षागृहात पुढच्या खड्ड्यात असले तर नजर मिळते. गावच्या मंचावर त्यांना बाजूला कनातीआड कोंबतात. निदान तबलजीला नटाचा चेहरा दिसेल अशी कनात दुमडून घ्या, आणि विंगेत एक छोटा स्पीकर नटाकडे तोंड करून लावा.

आणि आपला पाऊस. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की तबल्याची पुडी उतरते आणि पेटीच्या सुरपट्ट्यांना गंज धरतो. पेटी जमिनीवर ठेवू नका, पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या तव्यावर सुकवून पुन्हा वापरा. रोज दहा मिनिटं भाता हलवा. तंबोऱ्याची जवारी दिवाळीआधी मिरजेला नेऊन काढून आणा; यात्रांचा हंगाम सुरू झाला की वेळ मिळत नाही.

स्वतः गायचं म्हणता, तर एक गोष्ट ठरवून घ्या: ज्या नाटकात मुख्य गायक नट आहात त्यात मास्तर होऊ नका. दिवसभर दुसऱ्यांना सूर लावून दाखवणारा गळा रात्री आपल्या पदाला उरत नाही. शिकवताना पेटीवर दाखवा, गाऊन कमीत कमी. जेवण प्रयोगाआधी तीन तास. गावकरी प्रेमाने गरम भाकरी-रस्सा पुढे करतात. हात जोडून ‘नाटक झाल्यावर’ म्हणायचं. घसा बसला असेल तर कुजबुजत बोलू नका, त्याने आणखी ताण येतो. गप्प राहा, वाफ घ्या, आणि त्या रात्री पदं एक स्वर खाली उतरवा. लाज वाटायचं कारण नाही, पेटीवाल्याशिवाय कुणाला कळत नाही.

पैशाचं. रकमेचे भाव गावागणिक बदलतात, म्हणून आकड्याऐवजी पद्धत सांगतो. ‘नाटकाचे अमुक’ असं घाऊक ठरवू नका. तालमीचे दिवस, प्रवास-मुक्काम, नव्या चालींची संख्या, प्रयोगाची रात्र आणि साथीदार, असे पाच आकडे वेगळे लिहून द्या. निम्मे पैसे पहिल्या तालमीला, पाव रंगीत तालमीला, उरलेले रंगभूषा सुरू होण्याआधी. पडदा पडल्यावर वसुली कठीण. तबलजीचे पैसे तुमच्या हातून जाणार असतील तर ते त्याच्यासमोर घ्या. वर्षाचा हिशेब असा बसतो: दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंत यात्रा आणि स्पर्धा, गणेशोत्सवात नाट्यगीतांचे कार्यक्रम, पावसाळ्यात शिकवण्या आणि नव्या चाली. शिकवण्यांना कमी लेखू नका. घराचं भाडं त्यातूनच निघतं, आणि पुढच्या नाटकातले गळेही तिथेच सापडतात. बेळगाव शहरात प्रयोग असेल तर भित्तिपत्रकं मराठीबरोबर कन्नडमध्येही छापा. प्रेक्षक वाढतात, आणि वाद दाराशी येत नाहीत.

कागदपत्रांकडे आपल्या भागात फार दुर्लक्ष होतं. प्रयोग महाराष्ट्रात नेणार असाल तर संहितेला तिथल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. स्पर्धेसाठी लेखकाचं परवानगीपत्र लागतं. जुनं नाटक करताना हक्क बघा: कर्त्याच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो, आणि शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची नाटकं मोकळी झाली आहेत. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, गोविंदराव टेंबे १९५५ साली. ‘स्वयंवर’ आणि ‘मानापमान’च्या त्यांच्या चाली वापरायला कुणाची परवानगी नको. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०३४ अखेरपर्यंत वारसांच्या. अभिषेकी १९९८ साली गेले, त्यांच्या २०५८ पर्यंत. ‘कट्यार काळजात घुसली’ बसवायचं तर नाटककाराच्या आणि संगीतकाराच्या दोन्ही वारसांकडे पत्र घालायला हवं. चाल मोकळी असली तरी तिची एखादी ध्वनिमुद्रिका मोकळी असेलच असं नाही, म्हणून उतरवून घेतलेला ट्रॅक वाजवणं टाळा.

तुमच्या स्वतःच्या चालींसाठी दोन ओळींचा का होईना, लेखी करार करा. मुदत लिहिली नसेल तर कायदा हस्तांतरण पाच वर्षांचं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापील वाक्य समोर आलं तर तिथे ‘फक्त या नाटकाच्या रंगमंचीय प्रयोगांसाठी’ असं हाताने लिहून दोघांनी सही करा. चित्रीकरण करून मोबाईलवर टाकायचं असेल तर त्याची रक्कम वेगळी. आणि प्रत्येक चालीची भातखंडे पद्धतीची स्वरलिपी, तारखेसह, एका वहीत ठेवा. मोबाईलवरच्या ध्वनिफिती फोनबरोबर जातात, आणि दोन वर्षांनी तेच नाटक दुसऱ्या गावाने मागितलं की मुखडा आठवतो, अंतरा आठवत नाही.